पुंजारामाची खारी कावड

पुंजाराम आणि समुद्र यांची पहिली भेट झाली तेव्हा आधी दचकला तो समुद्र. निदान पुंजारामाचं म्हणणं तसं होतं, आणि समुद्राच्या बाजूने विचार केला तर त्यात समुद्राची काही चूकही नव्हती. फिरंग्यांची गलबतं त्याने पाहिली होती, साहेबाच्या आगबोटी पाहिल्या होत्या, लढाईची जहाजं तर अंगावर खेळवली होती. पण डोक्यावर बैलगाडीच्या चाकाएवढं मुंडासं, मुंडाशाखाली ते वाऱ्याने उडू नये एवढ्यापुरताच लावलेला देह, खांद्यावर बांबू, बांबूच्या दोन टोकांना तांब्याच्या दोन रिकाम्या घागरी, आणि चेहऱ्यावर तालुक्याहून तपासणीला आल्याचा भाव, असं काही त्या बिचाऱ्याने जन्मात पाहिलं नव्हतं. तो गडबडीने दगडी पायऱ्या चढून वर आला, त्याने पुंजारामाच्या भेगाळलेल्या पायांवर पाणी घातलं आणि अदबीने दोन पायऱ्या मागे सरला. पुन्हा आला, पुन्हा पाय धुतले, पुन्हा मागे सरला.

"आसू दे, आसू दे," पुंजाराम म्हणाला. "शंभर वर्सं जग."

आता, समुद्राला शंभर वर्षांचा आशीर्वाद देणं म्हणजे त्याचं आयुष्य कमी करण्यासारखंच होतं. पण पुंजाराम मनापासून बोलला होता. कावड घेऊन जाणाऱ्या माणसाचे पाय वाटेवरच्या गावांतल्या बायका पाण्याने धुतात. हा रिवाज बोरटेकपासून पैठणपर्यंत सगळ्यांना ठाऊक होता. पण मुंबईच्या समुद्राला तो कुणी शिकवला असेल? समुद्र घरंदाज असणार, असं पुंजारामाने ठरवून टाकलं. मग त्याने कपाळावर हात धरून समोरचा काठ शोधला. काठ दिसेना. शेजारी एक चणेवाला बसला होता, त्याला त्याने विचारलं,

"पल्याड कोन ऱ्हातं?"

"कुणी नाही. सगळं पाणीच आहे."

"मंग येवढं पानी कुनाच्या वाट्याचं?"

चणेवाल्याने पुडी बांधायला घेतली. पुंजाराम बराच वेळ तसाच उभा राहिला, आणि त्या चणेवाल्याला वाटलं की म्हाताऱ्याच्या डोळ्यांत खारा वारा गेला.

या भेटीला कारण झालं बोरटेक. हे गाव पाथर्डीच्या पलीकडे उघड्या माळावर वसलेलं. 'वसलेलं' हा शब्द जरा मोठा झाला. कुणीतरी ठेवून विसरून गेलेलं म्हणावं. गावाला वेस मात्र अशी होती की हत्ती अंबारीसकट आत यावा. दोन बुरूज, वर नगारखाना, खाली दोन्ही बाजूंना बसायला ओटे. परका माणूस ती वेस पाहून आत मोठं शहर असेल अशा समजुतीने शिरायचा आणि पाच-पन्नास घरं संपून पलीकडच्या बाभळींत निघायचा. गावात एक महादेवाचं देऊळ, एक आड, एक शाळा आणि एक कावड. कावड पुंजारामाच्या घरात त्याच्या आज्यापासून होती. दरवर्षी फाल्गुनात पैठणला चालत जायचं, गोदावरीचं पाणी भरायचं आणि पाडव्याला ते महादेवाच्या पिंडीवर घालायचं, एवढंच या घराण्याचं काम. बाकी चार एकर माळ होता, पण तो नुसता नावाला.

भरलेल्या कावडीचे नियम कडक होते. पायात वहाण घालायची नाही. वाहनात बसायचं नाही. कावड जमिनीला टेकवायची नाही. थांबायचं असेल तर झाडाच्या फांदीला टांगायची. वेशीत आली की ती गावाने उतरवून घ्यायची, कावडीवाल्याने स्वतः नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे मागे वळून बघायचं नाही. मागे बघितलं की पाणी मागेच राहतं, घागरीत नुसतं ओझं येतं, असं पुंजारामाचा बाप सांगत असे. बाप एकदा मागे लागलेल्या कुत्र्याकडेही न बघता चालत राहिला होता. त्याच्या पोटरीवरचा वण पुंजारामाने लहानपणी अनेकदा अभिमानाने पाहिला होता.

या नियमांपायी पुंजाराम स्वतःच्या लग्नालाही कावड खांद्यावर घेऊन पोचला. पैठणहून निघायला उशीर झाला, तिथी टळेना, आणि नवरीचं गाव वाटेतच होतं. मांडवात फांदी नव्हती. शेवटी अंतरपाट धरायचा सोडून मामाने कावड धरली, आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तो मामा घामाने असा भिजला की वऱ्हाडाला वाटलं, देवाचं पाणी सांडलं. नवरी होती कडूबाई. तिने त्या दिवशी मुंडावळ्यांआडून ती कावड पाहून घेतली आणि जन्मभर तिला एकच नाव दिलं.

"सवत निगाली का?" ती दर फाल्गुनात विचारायची.

"निगाली."

"तिला सांगा, मानूस धाडून द्या माघारी."

मूलबाळ झालं नाही. कडूबाईने त्याचाही दोष सवतीलाच दिला, पण पुंजाराम निघताना त्याच्या खांद्याला, जिथे बांबूने बैलाच्या मानेसारखा घट्टा पडला होता तिथे, ती तेल चोळल्याशिवाय राहायची नाही.

मग बहात्तर साल आलं. आदल्या वर्षीच पाऊस चोरपावलांनी येऊन गेला होता. या वर्षी मृगाने हूल दिली, आर्द्रा तोंड चुकवून गेल्या आणि हत्तीने शेपूटसुद्धा दाखवलं नाही. आडाच्या तळाशी बायका दोर बांधून उतरायच्या आणि वाटीने पाणी खरवडायच्या. टँकर आला तर यायचा. रेशनवरची तांबडी मिलो ज्वारी खाऊन माणसांच्या पोटांनी बंड केलं होतं. पुंजारामाने पाडव्याची कावड घातली होती, पुन्हा श्रावणात जादाची घातली. महादेव दोन्ही वेळा स्वच्छ आंघोळ करून कोरडा झाला.

दसऱ्याच्या सुमाराला मुकादमांचे ट्रक तालुक्यात फिरू लागले. मुंबईला माणसं पाहिजेत, राहायला पत्रे देतो, पाणी नळाचं. एका संध्याकाळी बोरटेक वेशीच्या ओट्यांवर जमलं. महादेवाचा गुरव भिमाजी हा गावातला सगळ्यांत वडील माणूस, तो म्हणाला, "आता उटावं लागंल, बाबांनो."

 गाव उठलं तर कावड कुणासाठी? वेशीत उतरवून कोण घेणार? तो उभा राहिला आणि रात्रभर डोक्यात घोळवलेला बेत त्याने एका दमात सांगून टाकला. गोदावरीत आता पाणीच उरलं नाही. पण आजवर वाहून गेलेलं पाणी गेलं कुठे? समुद्रात. किरकोळ दुकानातला माल संपला की माणूस पेठेत जातो. तसं आता थेट समुद्रावर जायचं आणि कावड तिथनं भरून आणायची.

 काकासाहेब मास्तर तेवढे हसले. हे मूळचे देवळाली प्रवऱ्याचे, उसाच्या गावचे. बदली होऊन बोरटेकात आल्यापासून आपण कुठल्या गुन्ह्याची शिक्षा भोगतोय याचा ते शोध घेत होते.

"अरे पुंजाबा, समुद्राचं पाणी खारट असतं."

"देवाला कुटं प्याचंय, गुर्जी? आंगुळच करायचीय."

"आणि गोदावरी मुंबईच्या समुद्राला मिळतच नाही. ती तिकडे, पूर्वेच्या समुद्राला जाते."

"समुद्र काय दोन हायेत व्हय?"

"दोन म्हणजे... तिकडे खाली जाऊन एकच होतात ते."

"मंग झालं तर!" पुंजाराम म्हणाला, आणि वेशीतल्या सगळ्या माना डोलल्या. मास्तरांना आपण नेमकं कुठे हरलो ते कळलं नाही.

भिमाजी गुरवाने महादेवाच्या दिशेने हात जोडून शब्द दिला. "पुंजा, तुजी कावड येशीत उतरल्याबिगर बोरटेक हालनार न्हाई."

सगळं गाव 'व्हय, व्हय' म्हणालं. कडूबाई रात्री खांद्याला तेल लावायला आली. तेल नव्हतं, नुसताच हात चोळला.

"आन् न्हाईच थांबलं गाव तर?"

"सबूद दिलाय त्येंनी."

"त्येंचं ऱ्हाऊ द्या. मी हाय येशीत. सवतीला उतरून घ्याया दुसरं कोन यील?"

रिकाम्या कावडीला नियम नसतात, त्यामुळे पुंजाराम ट्रकने मुंबईला आला आणि ड्रायव्हरने त्याला थेट समुद्राकाठी नेऊन सोडलं. तिथे समुद्राच्या तोंडावर एक दगडी दरवाजा होता. पुंजारामाने त्याला पाहताक्षणी ओळखलं. ही मुंबईची वेस! बोरटेकपेक्षा थोडी मोठी होती, हे त्याने मोठ्या मनाने कबूल केलं. फक्त या लोकांनी वेस बांधली ती पाण्याकडे तोंड करून, आणि दोन्ही बाजूंना भिंत घालायला साफ विसरले. कुणीही बाजूने जावं आणि कुणीही यावं. वेशीत ओटेही नव्हते. मग इथे गाव जमतं कुठे आणि शब्द देतं कुठे?

पायऱ्यांवर उभं राहून त्याने घागरी भरल्या, तोंडाला आंब्याचा पाला लावून फडकी बांधली, बांबूला डोळ्याला लावून नमस्कार केला आणि कावड खांद्यावर घेतली. त्या क्षणापासून मागे बघणं बंद. दर्शन झालं ते झालं. समुद्राला निरोप देता आला नाही याची त्याला थोडी हळहळ वाटली.

आणि अशा रीतीने पुंजारामाने मुंबई पाहिली ती पुढचीच. डावीउजवीकडची जेवढी डोळ्यांच्या कोपऱ्यांत मावली तेवढी. मोटारी त्याच्यामागे भोंगे वाजवत, आणि ज्याला मागे बघायचंच नाही त्याला भोंग्यांचं काय? तो रस्त्याच्या मधोमध आपल्या चालीने चालला. एका पोलिसाने शिटी वाजवली, मग घागरी पाहून त्यानेच वाहनं थांबवली आणि हळूच वाकून नमस्कार केला, साताऱ्याकडचा असावा. चार तोंडांना चार घड्याळं असलेला मनोरा लागला. चार घड्याळं कशाला, ते पुंजारामाला कळेना. साहेबाच्या वेळच्या काळ्या दगडी इमारती लागल्या. कंगोरे, कमानी, जागोजागी चिमण्यांसारखे बसवलेले दगडी प्राणी. देऊळ म्हणावं तर देव नाही, वाडा म्हणावं तर चुलीचा धूर नाही. आत नुसती माणसं बसून लिहीत होती.

पण पुंजारामाचे डोळे इमारतींवर ठरत नव्हते. ते पाण्याकडे जात होते. एका चौकात दगडी बायका उभ्या होत्या आणि त्यांच्या पायांशी पाणी वर उडत होतं. उडून खाली पडत होतं. पुन्हा उडत होतं. आणि खाली कुणीही, एकाही माणसाने, घागर लावली नव्हती! पुंजाराम तिथे इतका वेळ थांबला की एका बाईने त्याला भिकारी समजून काही देऊ केलं. पुढे फूटपाथच्या कडेला नळ होता, तो गळत होता. त्याने एका हाताने कावड सावरली आणि दुसऱ्या हाताने नळ घट्ट बंद केला. पुढचाही केला. एका गल्लीत एक बाई तोंडाला साबण लावून नळाखाली बसली होती, तिचाही केला.

"ए म्हाताऱ्या! डोळे फुटले का?"

"पानी वाया चाललं हुतं, माय."

"तुझ्या बापाचं आहे का पाणी?"

नव्हतं, हे खरंच होतं. पुंजारामाने नळ पुन्हा सोडला. साबण फेसाळत गटारात गेला, आणि त्या फेसामागे त्याची नजर गटाराच्या तोंडापर्यंत गेली. आडाच्या तळाशी वाटी घेऊन उतरलेली कडूबाई त्याला दिसली. तो खाली मान घालून चालायला लागला, आणि खाली मान घातल्यामुळे वाट चुकला. उत्तरेकडे जायचं सोडून समुद्राच्या दुसऱ्या अंगाला निघाला.

तिथे त्याने जे पाहिलं त्यावर त्याचा पहिल्यांदा विश्वास बसेना. ट्रकांमागून ट्रक येत होते आणि दगड, माती, मुरूम थेट समुद्रात ओतत होते. समुद्र मागे हटत होता, आणि हटलेल्या जागेवर आभाळाला टेकलेल्या नव्या इमारती उभ्या राहत होत्या, काही पुऱ्या, काहींचे नुसते सांगाडे. डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायका मुंग्यांसारख्या ये-जा करत होत्या. त्यातल्या एकीच्या लुगड्याचा काष्टा आणि कपाळावरचं आडवं कुंकू पाहून पुंजाराम थांबला. ती त्याच्याआधीच थांबली होती.

"पाव्हनं कुठलं?"

"बोरटेक. पाथर्डी."

"आगं बया! आमी शिरपूरवाडीचं. टेकाडाच्या अंगाला." तिचं नाव गोजरबाई. तिने पाटी खाली ठेवली, पदर कमरेतून सोडून डोक्यावर घेतला आणि दोन घागरींना हात जोडले. "पैठनची कावड हिकडं कुनीकडं?"

"पैठनची न्हाई. ह्याची हाय." पुंजारामाने हनुवटीने समुद्र दाखवला आणि सगळी हकीकत सांगितली. गोजरबाईने तोंडाला पदर लावला. ती हसली की काय झालं ते पदरामुळे कळलं नाही.

"ह्ये काय चाललंय पर?" पुंजारामाने विचारलं.

"भर टाकत्यात. समुद्र बुजवायचा. जागा करायची."

"बुजवायचा?" पुंजारामाने कावड दुसऱ्या खांद्यावर घेतली. "आमी तिकडं पुरुसभर खंदतो, तर पानी न्हाई. ह्येंच्याकडं पानी हाय, तर त्ये बुजवत्यात?"

"नका इचार करू. माजं बी पयलं दोन दिस डोस्कं फिरलं हुतं." तिने हात झटकले. "ऱ्हावा की हितंच. मुकादम आपल्याकडचाच हाय. बायकूला बी बोलवून घ्या."

"गाव थांबलंय माजं. सबूद हाय त्येंचा."

गोजरबाईने त्याच्याकडे, रांगतं पोर उंबऱ्यावरून पडताना बघावं तसं पाहिलं. "बाबा, आमच्या वाडीनं बी सबूद दिल्ता. देवळात, बोकडाची कंदुरी करून. ट्रक आला तवा समद्यांच्या आदी सबूद देनारंच चढलं."

"बोरटेक तसलं न्हाई."

"बरं," ती म्हणाली आणि पाटी उचलली. "लवकर जावा मंग."

पुंजाराम लवकर निघाला. कल्याण मागे पडलं, माळशेजचा घाट आला. खालच्या गावांत बायका कळशी घेऊन धावत यायच्या, पाय धुवायच्या आणि विचारायच्या, "कुठली कावड?" तो 'सम्द्राची' म्हणायचा आणि त्या बिचाऱ्या मुद्दाम दोन तांबे जादा ओतायच्या. खांदा सुजला होता. झोप लागायची ती कावड टांगलेल्या फांदीखाली, आणि स्वप्नात एकसारखे ट्रक यायचे.

घाटाच्या मधल्या वळणावर खरोखरीचा ट्रक आला. समोरून, उतारावर, निळी ताडपत्री बांधलेला. पुंजाराम दरीच्या कडेला सरकला आणि रिवाजाप्रमाणे बांबूला बांधलेलं घुंगरू वाजवून त्याने ट्रकलाही आशीर्वाद दिला. ट्रक धुरळा उडवत शेजारून गेला. आणि मागून, धुरळ्यातून, बाईची हाक आली.

"अवो!"

पुंजाराम चालत राहिला.

"अवो! अवो, थांबा की!"

आवाज कडूबाईसारखा होता. पुंजारामाच्या मानेची शीर ताठ झाली. पण मुलखातली प्रत्येक बाई आपल्या नवऱ्याला हीच हाक मारते. नाव घेऊन हाक मारायची रीत कुणाच्या घरात आहे? असेल कुणीतरी कुणालातरी बोलवत. कडूबाई तर वेशीत बसली होती. आणि परीक्षा बघायला देव असलेच आवाज काढतो, हे बापाने सांगून ठेवलं होतं. हाक आणखी एकदा आली, लांबून, वळणापलीकडून, आणि मग गाडीच्या आवाजात विरून गेली. पुंजारामाने मान वळवली नाही. कुत्र्याला न भिणाऱ्या बापाची त्याला आठवण झाली आणि घाटमाथ्यापर्यंत तो मोठ्या अभिमानाने चालला.

माथा ओलांडला आणि मुलूख तांबडा झाला. पुढे पुढे पाय धुवायला येणाऱ्या बायका कमी झाल्या. नगर आलं. भिंगारच्या पेठेत एक छबूबाई नावाची म्हातारी दारात बसली होती. तिने कावड पाहिली, आत गेली आणि बऱ्याच वेळाने तांब्या घेऊन आली. पुंजारामाच्या पायांवर तिने तो उपडा केला. त्यातून काहीच पडलं नाही. तिने पडल्यासारखं मानून दोन्ही हातांनी पाय चोळले, पुसले आणि डोकं टेकवलं.

"आज येवढंच हाय, बाबा."

"लई झालं, आये," पुंजाराम म्हणाला. त्याच्या खांद्यावर दोन घागरी काठोकाठ भरलेल्या होत्या, आणि तिच्या अंगणातली शेळी त्यांच्याकडे बघत होती.

बोरटेकची वेस त्याला लांबूनच दिसली. त्याने घुंगरू वाजवायला सुरुवात केली. दरवर्षी घुंगरू वाजलं की हलगी वाजायची, पोरं धावायची, भिमाजी गुरव पंचारती घेऊन यायचा. वारा पलीकडचा असेल, ऐकू जात नसेल, असं म्हणून त्याने जोराने वाजवलं. वेशीत आला, आणि ओट्यांवर कुणी नव्हतं. दारांना कड्या होत्या, आणि ज्या दारांना कड्या नव्हत्या तिथे बोरीच्या काटेरी फांद्या लावलेल्या होत्या. एका घराच्या कौलांवर कावळा बसला होता. तोही उडून गेला.

पुंजाराम वेशीत उभा राहिला. कावड स्वतः उतरवायची नाही. ती गावाने उतरवून घ्यायची. तेव्हा गाव येईपर्यंत उभं राहणं भाग होतं. तो उभा राहिला. बांबू खांद्यात रुतत होता, पण तो घुंगरू वाजवत राहिला.

शेवटी शाळेतून काकासाहेब मास्तर बाहेर आले. शाळेत एकही मूल नव्हतं, पण बदलीचा हुकूम आला नव्हता, म्हणून मास्तर रोज साडेदहाला शाळा उघडत होते.

"पुंजाबा," ते म्हणाले.

"गाव कुटंय, गुर्जी?"

"गेलं. तू गेल्यावर तीन-चार दिवस थांबलं. मग मुकादमाचे ट्रक आले. भिमाजी म्हणाला, गाव मुंबईला गेलं तर कावड वाटेतच भेटेल, म्हणजे शब्द मोडला असं नाही."

"आन् आमची कडूबाई?"

मास्तरांनी चष्मा काढला. "ती एकटी राहिली. इथे, या ओट्यावर. पण गाव गेलं म्हणून टँकर बंद झाला. मी सायकलवरून एक कळशी आणायचो, ती घेईना. म्हणायची, तुम्ही प्याल का मला द्याल. शेवटी शेजारच्या वाडीचा ट्रक निघाला, त्यात मीच तिला बसवलं. म्हटलं, जीव तरी राहील." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "वाट बघत मागच्या फळीशी बसली होती. ट्रक तुला दिसला असेल बघ. निळ्या ताडपत्रीचा."

 पुंजारामाचं घुंगरू बंद झालं. मग तो हळूच म्हणाला, "उतरून घ्या, गुर्जी."

"मी? अरे, मला काय यातलं..."

"गावात तुमीच हाय. तुमीच गाव."

मास्तरांनी बूट काढले. देवाधर्माला हसण्यात ज्यांची सगळी नोकरी सरली ते काकासाहेब मास्तर अनवाणी पुढे आले आणि त्यांनी बांबूला खांदा दिला. वजनाने ते कोलमडलेच. दोघांनी मिळून कावड देवळात नेली आणि पुंजारामाने समुद्र महादेवाच्या पिंडीवर ओतला. दोन्ही घागरी. पाणी शाळुंकेतून वाहत बाहेरच्या तापल्या दगडांवर गेलं आणि बघता बघता वाळलं. दोघांनी आभाळाकडे पाहिलं. ते पितळेसारखं लख्ख होतं.

दुसऱ्या दिवशी पिंडीवर पांढरा थर दिसला. मास्तर म्हणाले, मीठ. दुपारपर्यंत मागे राहिलेल्या दोन-तीन बेवारशी शेळ्या देवळात शिरल्या आणि महादेवाला चाटू लागल्या. पुंजाराम गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर बसला होता. त्याने त्यांना हाकललं नाही. पिंड चाटून लख्ख झाली तेव्हा त्याने रिकामी कावड उचलली आणि वेशीतून बाहेर पडला. रिकाम्या कावडीला नियम नव्हते, तरीही त्याने मागे वळून पाहिलं नाही.

कडूबाई त्याला भर टाकायच्या कामावर, गोजरबाईच्या शेजारच्या पत्र्यात सापडली. ती चुलीशी बसली होती. तिने वर पाहिलं, मग कावडीकडे पाहिलं.

"हाक मारली हुती," ती म्हणाली.

"ऐकली हुती."

 तिने त्याला भाकरी वाढली.

तांब्याच्या घागरी मुकादमाने कामावरच्या माणसांना प्यायचं पाणी भरायला ठेवून घेतल्या. बांबूला पाट्या बांधून पुंजाराम मुरूम वाहायला लागला. पुढच्या वर्षी बोरटेकात जूनमध्ये पाऊस झाला. तो सरासरीइतका होता.